चेडोबाला वळसा

दिनांक १८ एप्रिल २००६, मंगळवार. वेळ सकाळी दहा चाळीस. ठिकाण भिवंडी, आमच्या टेलिफोन एक्स्चेंजचा पहिला मजला, ट्रान्समिशन रूम.

हजर: मी, अनुराधा राणे, ट्रान्समिशनची इन्चार्ज. निसार अन्सारी, जॉइंटर, म्हणजे तुटलेली केबल जोडणारा. फोनवर: सामंत साहेब, ठाण्यातले आमचे वरिष्ठ. रजेवर: पांडुरंग भोईर, केबल पेट्रोलमन, म्हणजे केबलीच्या मार्गावर गस्त घालणारा, राहणार राहनाळ. मेव्हण्याच्या मुलाच्या लग्नासाठी खारबावला.

रजेवरच्यांची नावंही मी डायरीत लिहिते. जुनी सवय आहे. त्या दिवशी सर्वांत जास्त काम रजेवरच्या माणसानेच केलं.

पॅनेलवर लाल दिवा लागला आणि बझर वाजला. अन्सारीने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मॅडमजी, राहनाळवाली गयी."

मी खिडकीशी गेले. राहनाळच्या दिशेला काळा धूर उठला होता. भिवंडीत गोडाऊनला आग लागणं नवीन नाही. पण हा धूर कापडाचा किंवा कागदाचा नव्हता. तो जाड होता आणि सरळ वर चढत होता. केमिकलचे ड्रम पेटले की असा धूर येतो.

इथे थोडं समजावून सांगते. मोबाईल आल्यापासून लोकांना वाटतं की सगळं हवेतून चालतं. हवेतून फक्त जवळच्या टॉवरपर्यंत जातं. तिथून पुढे जमिनीखालून. केसाएवढी काचेची तार असते, तिच्यातून उजेड धावतो. तुमचा फोन, बँकेचा व्यवहार, सायबर कॅफेतली ईमेल, सगळं त्या उजेडावर बसून ठाण्याला जातं आणि तिथून जगात. त्या वेळी भिवंडीतून ठाण्याला जायला आमच्या दोन केबल होत्या. पहिली रस्त्याच्या कडेने, राहनाळवरून. दुसरी शेतांतून, खारबावच्या बाजूने वळसा घालून. दोन्ही मिळून गोल होतो, म्हणून तिला रिंग म्हणतात. एक बाजू तुटली की मशीन पापणी लवायच्या आत सगळी वाहतूक दुसऱ्या बाजूला वळवतं. इंटरनेट आपत्तीत टिकतं असं म्हणतात, ते या एका युक्तीच्या जोरावर. रस्ते दोन हवेत आणि ते एकमेकांपासून लांब हवेत.

सामंत साहेबांचा फोन आला.

"ट्रॅफिक?"

"खारबाववर गेला सर. एकही कॉल तुटला नाही."

"गुड. मग घाई कशाला? आग विझू दे, मग जोडा."

"हो सर."

मी डायरीत वेळ टाकली. दहा सेहेचाळीस. पुढे लिहिलं, "रिंगने काम केलं." आणि अन्सारीला काचेच्या तारा जोडायचं स्प्लायसिंग मशीन, तंबू आणि पाण्याचा कॅन काढून ठेवायला सांगितलं.

दहा बावन्नला माझा मोबाईल वाजला. पलीकडे बेंजो वाजत होता आणि त्यावरून भोईर ओरडत होता.

"बाय, धूर दिसतोय इथून. नाल्यावरच्या पुलाकडचं गोडाऊन न्?"

"हो. राहनाळची केबल गेली. पुलावरचा केबलचा पाइप वितळला असणार. तुम्ही लग्नात राहा, आम्ही बघतो."

"दुसरी चालू हाय?"

"चालू आहे. ती कुठे तिकडे आहे? ती मागे शेतातून जाते."

बेंजोचा आवाज कमी झाला. तो मांडवाबाहेर आला असावा.

"बाय, कोन बोल्ला शेतातून जाते?"

"नकाशा बोलला. माझ्यासमोर आहे."

"नकाशा खोटा हाय. दुसरी केबल त्या गोडाऊनच्या म्होरंच हाय. रस्त्याच्या कडंला. पहिलीच्या हातभर बाजूला."

मी नकाशा पुढ्यात ओढला.

भोईरने सांगितलं ते असं. पाच वर्षांपूर्वी दुसरी केबल टाकताना चर शेतातून सरळ येत होता. मध्ये चेडोबाचं थळ आलं. चेडोबा हा गावाच्या वेशीचा राखणदार. शेंदूर लावलेला एक दगड, वर चिंचेचं झाड, भोवती मोकळी जमीन. त्या जमिनीला लोखंड लावत नाहीत. नांगर नाही, कुदळ नाही, खुंटासुद्धा नाही. कंत्राटदाराचे मजूर कुदळी घेऊन उभे, गाव काठ्या घेऊन उभा. भोईरने मध्यस्थी केली आणि केबल थळाला वळसा घालून रस्त्याच्या कडेला आणली. साठ-सत्तर पावलं पहिल्या केबलीसोबत नेली आणि पुन्हा शेतात वळवली. पावसाळा तोंडावर होता. कंत्राटदाराने नकाशात वळसा दाखवला नाही. सरळ रेघ मारून दिली.

"तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं तुमाला ठाव हाय. सही तुमची होती न्."

सही माझीच होती. मी कपाटातून फाइल काढली. ताबा घेतानाची चेकलिस्ट, चोवीस मुद्दे. नववा मुद्दा: दोन्ही मार्ग एकमेकांपासून स्वतंत्र. त्यापुढे निळ्या शाईत बरोबरची खूण. मला तो दिवस आठवला. मे महिना होता. खारबावकडून मी निम्मं अंतर पायी चालले होते, भिवंडीकडून थोडं. मधला तुकडा राहिला होता. नकाशात रेघ सरळ होती. मी जीपमध्ये बसून खूण केली होती.

मी सामंत साहेबांना फोन केला.

"सर, दुसरी केबलही आगीसमोरच आहे."

"काय? तुमच्या रिपोर्टमध्ये तर..."

"रिपोर्ट चुकीचा आहे. माझा आहे."

ते म्हणाले, "ती गेली तर काय काय जाईल?"

यादी माझ्याकडे तयारच असते. एक, शहरातले सगळे लँडलाइन बाहेरगावी बंद. दोन, मोबाईल टॉवर मुके, कारण त्यांची स्विचिंग मुंबईला आहे. तीन, सरकारी दवाखाना. तिथे गोडाऊनमधले भाजलेले सहा कामगार पोचले होते आणि डॉक्टर ठाण्यात बेड आणि ॲम्ब्युलन्स मागत होते. चार, आग विझवायचा फोम आणि टँकर. तेही बाहेरूनच येणार होते, फोन करून.

"जा तिथे," साहेब म्हणाले. "ती केबल वाचवा."

मी अन्सारीला मशीनसमोर बसवलं. "दुसऱ्या केबलीच्या उजेडाचा आकडा बघत राहा. मला सतत सांग."

"कब तक, मॅडमजी?"

"मी नको म्हणेपर्यंत."

अकरा वीसला मी राहनाळच्या अलीकडे पोचले. पुलाजवळचा रस्ता बंद केला होता. गोडाऊनचं छप्पर खाली आलं होतं. आतून जळतं केमिकल उतारावरून वाहत होतं, पाण्यासारखं, पण वर निळसर ज्वाळा. ते नाल्यात पोचत होतं, आणि नाल्याच्या पलीकडे गोडाऊनची दुसरी रांग होती. त्यामागे वस्ती.

आणि रस्त्याच्या कडेला, अगदी भोईरने सांगितलेल्या जागी, एक जेसीबी उभा होता. इंजिन चालू.

मी अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना गाठलं. माने त्यांचं नाव. चेहरा काजळीने काळा, आवाज बसलेला.

"साहेब, इथे खोदू नका. खाली केबल आहे."

"बाई, इथे चर मारला नाही तर अर्ध्या तासात पलीकडची रांग पेटेल. तिथे कापूस आहे. तुमची वायर महत्त्वाची की ती माणसं?"

"त्या वायरवरूनच तुमचे टँकर येतायत."

"माझ्याकडे वायरलेस आहे."

"तुमच्याकडे आहे. दवाखान्याकडे नाही. ॲम्ब्युलन्सकडे नाही. फोम ज्या कारखान्यातून मागवलात त्यांच्याकडे आहे?"

त्यांनी हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. "मोबाईल आहे की."

"तोही इथूनच जातो. या मातीखालून."

त्यांनी पायाखाली पाहिलं, एक पाऊल बाजूला झाले आणि म्हणाले, "नक्की कुठे आहे ती? तेवढं सोडून खोदतो."

हा प्रश्न साधा होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. जमिनीखालची केबल शोधायचं यंत्र असतं, पण त्याला धातू लागतो. आमची ही केबल नुसती काच आणि प्लॅस्टिक होती. यंत्राला ती दिसत नाही. नकाशा खोटा होता. राहिली एकाच माणसाची आठवण. भोईरला मी निघतानाच बोलावलं होतं, तो खारबावहून वाटेवर होता.

"दहा मिनिटं द्या."

"पाच देतो."

सातव्या मिनिटाला भोईर मोटरसायकलवरून आला. पांढरा सदरा, डोक्यावर लग्नाची टोपी, कानामागे आदल्या रात्रीची हळद. गाडी स्टँडवर न लावता आडवीच टाकली आणि थेट चिंचेकडे गेला. चेडोबाच्या दगडाकडे पाठ करून उभा राहिला आणि रस्त्याच्या दिशेने मोठमोठ्याने पावलं मोजत आला.

"...धा, अकरा, बारा." टाच रुतवली. "ही केबल. इथून पुलाच्या अलीकडंपतोर अशीच. मंग शेतात वळली. म्होरं दोन ठिकानी गुंडाळी सोडलीय, जादाची. साहेब, या कडंला जेसीबीची बादली लावाल तर जाईलच."

"मग चर कुठे मारू?" माने म्हणाले. "माझ्याकडे जागाच ही आहे. पलीकडे भिंत."

भोईरने मागे वळून पाहिलं. रस्त्याच्या खालच्या अंगाला, गोडाऊनच्या भिंतीपासून नाल्यापर्यंत, मोकळा खोलगट तुकडा होता. चेडोबाचं थळ.

मलाही तेव्हाच कळलं. त्या सगळ्या पट्ट्यात केबल नाही अशी खात्रीची जागा एकच होती. केबल तिथे नव्हती, कारण तिथे कोणी कधी कुदळ लावू दिली नव्हती.

"खालच्या अंगानं," भोईर म्हणाला. "खोलगट हाय. पावसाचं पानी तिथंच जमतं. हे पन तिथंच जमल."

माने लगेच समजले. उतार त्यांनीही पाहिला. त्यांनी जेसीबीवाल्याला हात केला.

"थांबवा!"

गावची पंधरा-वीस माणसं जमली होती. ओरडले ते काळू पाटील, सत्तरीचे. थळाची पूजा त्यांच्या घराकडे.

"पांडू, तुला ठाव हाय न्, इथं लोखंड लावत न्हाईत?"

"ठाव हाय काका. म्हनूनच केबल वळवली. मीच वळवली."

"मंग आज काय नवीन झालं?"

"आज आग गावाकडं चाललीय."

माने माझ्याकडे पाहत होते, मी घड्याळाकडे. कानाशी लावलेल्या फोनमध्ये अन्सारी म्हणत होता, "उन्नीस, मॅडमजी. ठीक है."

भोईरने चपला काढल्या. टोपी काढून खिशात कोंबली. दगडासमोर उभा राहून हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"बा चेडोबा, गावाची राखन तू करतोस. आज गावाम्होरं आग आलीय. ती अडवाय तुझी जागा मागतोय. चूक झाली तर माझ्या घरावर घे. गावावर घेऊ नको."

काळू पाटील त्याच्याकडे बघत राहिले. मग बाजूला झाले.

"दगडाला धक्का न्हाय लागला पायजे," ते म्हणाले. "आनि चिंचेच्या मुळाला."

जेसीबी आत उतरला.

आता उजेडाच्या आकड्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. केबलमधून पलीकडचा उजेड किती येतो ते मशीन दाखवतं. आकडा उणे असतो. जितका मोठा, तितका उजेड कमी. आमचा नेहमीचा उणे एकोणीस. अठ्ठावीसच्या पलीकडे गेला की मशीनला काही दिसत नाही. काचेची तार तुटायलाच हवी असं नाही. ती जास्त वाकली तरी उजेड गळतो.

आणि दुसरी परीक्षा माझ्या कानाशीच होती. अन्सारीचा आवाज त्याच केबलमधून येत होता. तो ऐकू येत होता तोपर्यंत भिवंडी जगाला जोडलेली होती.

"बोलत राहा," मी म्हटलं.

"क्या बोलूँ? उन्नीस. उन्नीस. मॅडमजी, वो ठाणेवाले साहब बार-बार पूछ रहे हैं..."

"त्यांना म्हणावं, थांबा. तू बोल."

"उन्नीस. आज मेरे भाई के लूम पे नया बीम चढ़ा है. उन्नीस. बिजली शाम को जाएगी. उन्नीस."

चर थळाच्या वरच्या अंगाने पुढे सरकत होता. जळतं केमिकल वळून त्यात येऊ लागलं. फोमचा फवारा त्यावर. उष्णतेने माझ्या चेहऱ्याची कातडी ताणली होती. भोईर जेसीबीच्या पुढे उलटा चालत होता, हाताने दिशा देत. चराचं शेवटचं टोक नाल्याआधी रस्त्याच्या कडेला टेकणार होतं, म्हणजे केबलच्या वळणाजवळ.

"बीस," अन्सारी म्हणाला. "मॅडमजी, बाईस. गिर रहा है."

"थांबवा!" मी ओरडले. जेसीबीवाल्याला ऐकू गेलं नाही. भोईर बादलीसमोर जाऊन उभा राहिला. खरोखरच उभा राहिला, दोन्ही हात वर करून. बादली थांबली.

"पच्चीस," अन्सारी म्हणाला. "छब्बीस."

मग काहीच नाही.

मी फोन कानावर घट्ट दाबला. कर्कश आवाज नाही, टोन नाही. नुसती शांतता. माझ्या डोक्यात यादी सुरू झाली. दवाखाना. ॲम्ब्युलन्स. टँकर. सही.

"अन्सारी?"

शांतता.

"निसार!"

"जी, मॅडमजी. पानी पी रहा था. गला सूख गया."

मी त्याला काय म्हटलं ते डायरीत लिहिलेलं नाही.

"आकडा सांग."

"छब्बीस. वहीं अटका है."

भोईर चरात वाकला. मातीतून काळी केबल ढोपराएवढी वर आली होती. बादलीच्या दाताने जादाची गुंडाळी उचलली होती, तोडली नव्हती. त्याने दोन्ही हातांनी मातीचं ढेकूळ बाजूला केलं आणि केबल मोकळी करून सावकाश खाली बसवली, पोराला झोपवावं तशी.

"चौबीस. बाईस. बीस..."

"इथून पुढं हातानं," भोईरने मानेंना सांगितलं. "धा फूट."

कुदळी गावातून आल्या. पहिली काळू पाटलांच्या नातवाने मारली. दहा फूट चर गावाने हाताने खोदला, फायरच्या जवानांसोबत, तोंडाला ओले फडके बांधून. काळू पाटील बाजूला उभे राहून प्रत्येकाला ओरडत होते, "मुळाला सांभाळ रं!"

दुपारी दीडला चर पूर्ण झाला. केमिकल नाल्याऐवजी थळात साचलं आणि फोमखाली गुदमरून विझलं. पलीकडची रांग वाचली. दवाखान्यातले सहाही जण दोन वाजेपर्यंत ठाण्याला रवाना झाले होते. शहरात कोणाचा फोन बंद पडला नाही. म्हणून या गोष्टीची बातमीही झाली नाही. आगीची झाली.

माने जाताना म्हणाले, "बाई, तुमच्या नकाशापेक्षा हा माणूस बरा."

"हो," मी म्हटलं. "पण माणसं रजेवर जातात."

भोईर मोटरसायकल उचलत होता. मुहूर्त टळला होता. "फोटोत तरी येईन," म्हणाला. पांढऱ्या सदऱ्याचा रंग आता सांगता आला नसता.

पहिली केबल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अन्सारीने जोडली. अहवाल मी त्याच रात्री लिहायला घेतला. सामंत साहेबांनी मसुदा वाचून फोन केला.

"मॅडम, 'दोन्ही मार्ग एकत्र आहेत' असं नका लिहू. 'काही अंतर जवळून जातात' असं लिहा."

"सर, हातभर अंतर आहे."

"तेच म्हणतो मी, जवळून."

मी "एकत्र" असंच ठेवलं. चेकलिस्टवरची नवव्या मुद्द्याची खूण खोडली, शेजारी "नाही" लिहिलं, तारीख टाकली आणि पुन्हा सही केली. साहेब रागावले, पण अहवाल पुढे पाठवला. त्याबद्दल मी त्यांना मानते.

लोक मला विचारतात, उद्या मोठं संकट आलं तर इंटरनेट टिकेल का? मी सांगते, कागदावर टिकेल. खरं टिकेल की नाही ते कोणीतरी उन्हात शेवटपर्यंत चालत जाऊन पाहिलं होतं का, यावर आहे. मी निम्मंच चालले होते. उरलेलं निम्मं एका देवाने आणि एका पेट्रोलमनने सांभाळलं, आणि दोघांपैकी एकाचंही नाव आमच्या नकाशात नव्हतं.

त्या दिवशीच्या पानावर मी कामांची यादी केली होती. नकाशा दुरुस्त करणं, त्यात चेडोबाचं थळ दाखवणं: झालं. वळशावर खुणेचे दगड बसवणं: झालं. थळातली खराब माती काढून नवी भरणं: झालं. आमच्या कंपनीच्या ट्रकने, पण फावडी गावाची. चेडोबाला नारळ आणि कोंबडा: भोईरने केलं, मी प्रसाद घेतला. त्याच्या घरावर काही आलं नाही. पहिलं वर्षभर मी दर महिन्याला विचारत होते.

शेवटची ओळ अशी आहे: पडघ्याकडून हायवेने तिसरा मार्ग, राहनाळशी संबंध नसलेला, परवानगी मिळवणे, केबल टाकणे, पूर्ण लांबी स्वतः पायी चालून ताबा घेणे.

तीन वर्षं झाली. परवानगीची फाइल तीन टेबलांवर फिरून आली आहे. दुसरी केबल अजून थळाला वळसा घालते आणि दोन्ही गोडाऊनसमोरून हातभर अंतराने जातात. गोडाऊन पुन्हा बांधलं आहे. आत काय ठेवतात ते मी दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही.

दर सोमवारी मी न झालेली कामं नव्या पानावर उतरवते. या सोमवारीही पडघ्याची ओळ उतरवली. पुढचा चौकोन रिकामा आहे. चालायचे बूट टेबलाखाली ठेवले आहेत.